हाफकिन : जिवंत लस आणि मृत लस

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथील एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकोव्ह यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकलेला हा तरुण पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आला, तो ग्रंथपाल म्हणून. फावल्या वेळात त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर लस तयार केली. तिच्यात जिवंत जंतूच होते. पहिल्या टोचणीत दुबळे केलेले, दुसरीत जहाल. जुलै १८९२ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये हजारोंना लस दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजात तुटपुंज्या जागेत आणि मोजक्या मदतनिसांसह हाफकिन कामाला लागले. मटणाच्या रश्श्यासारख्या द्रावात तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. या वेळी मार्ग वेगळा होता. उष्णता देऊन जंतू मारले जात, म्हणजे लस मृत जंतूंची. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी प्रथम स्वतःवरच आजमावली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना ती दिली गेली. टोचून घेतलेल्यांत लागण आणि मृत्यू बरेच कमी आढळले.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी घात झाला. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली गेली. एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचे पद गेले. इतर बाटल्या निर्दोष होत्या. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेल्याचे पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये परळच्या या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

जिवंत की मृत, हा भेद आजही महत्त्वाचा आहे. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या विकारांत स्टेरॉइड, अझाथायोप्रिन, बायोलॉजिक औषधे दिली जातात. त्यांनी प्रतिकारशक्ती दबते. अशा रुग्णांना गोवर, कांजिण्या, पीतज्वर यांच्या जिवंत लशी सहसा टाळाव्या लागतात. फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस-बी यांच्या लशींत जिवंत जंतू नसतील, तर त्या औषधे चालू असतानाही घेता येतात. मात्र नाकात फवारायची फ्लूची लस जिवंत असते. शक्यतो औषध सुरू होण्यापूर्वीच लसीकरण पूर्ण करावे, कारण नंतर लशीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून कोणतीही लस घेण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर सांगाव्यात : आपला आजार आणि आपली औषधे.