तान्ह्या बाळांना तराजू देणारे डॉक्टर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या प्रसूतिगृहातून बाळ-बाळंतीण सुखरूप घरी जात. पण त्यातली कितीतरी बाळे वर्षाच्या आत दगावत. बाटलीतल्या दूषित दुधाने जुलाब लागत आणि उन्हाळ्यात तर मृत्यूंची रीघ लागे. बाळंतपण नीट पार पडले की डॉक्टरचे काम संपले, ही समजूत मोडून काढली ती पिएर ब्युदँ यांनी.

१८४६ साली उत्तर फ्रान्समध्ये जन्मलेले ब्युदँ हे नावाजलेले प्रसूतितज्ज्ञ. १८९२ मध्ये त्यांनी पॅरिसच्या शारिते रुग्णालयात तान्ह्या बाळांची तपासणी सुरू केली. तिथे जन्मलेल्या बाळाला आईने दर आठवड्याला आणायचे. बाळाचे वजन करायचे, मागच्या नोंदीशी ताडून पाहायचे आणि मगच दुधाविषयी सल्ला द्यायचा. पहिला मान आईच्या दुधाला. ते कमी पडले तरच निर्जंतुक केलेले गाईचे दूध, तेही बाळाच्या वजनाच्या हिशेबाने मोजून. कारण अपुऱ्या दुधाप्रमाणेच जास्त दूधही बाधते, हे त्यांनी ओळखले होते.

१८९५ मध्ये ते पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात गेले. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वेगळा विभाग होता. अंग गार पडणे, दूध ओढता वा पचवता न येणे आणि संसर्ग, ही या बाळांपुढची तीन मोठी संकटे त्यांनी मांडली. चोखता न येणाऱ्या बाळाला नळीने दूध दिले जाई. आईला बाळापासून दूर ठेवले की तिचे दूध आटते आणि बाळाची ओढही कमी होते, हे पाहून त्यांनी आयांना बाळाजवळ येऊन पाजण्याचा आग्रह धरला.

त्यांची व्याख्याने १९०० मध्ये पुस्तकरूपाने आली. १९०७ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि त्याच वर्षी ब्युदँ वारले.

त्यांचा धडा आजही तोच आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते, पण साधारण दोन आठवड्यांत ते भरून यायला हवे. पाचव्या महिन्याच्या सुमारास वजन दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. एकदा केलेल्या वजनावरून फारसे कळत नाही. ओळीने केलेल्या नोंदी खरे सांगतात. म्हणून अंगणवाडीतले वजन चुकवू नये. वजन थांबले, बाळ पिताना दमू लागले किंवा लघवी कमी झाली, तर वरचे दूध स्वतःहून सुरू न करता आधी डॉक्टरांना दाखवावे.