पाळवणकर बाळू

दौलताबादेसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावच्या मुलांनी, समुद्रकाठच्या मुंबईत बाहेरून येऊन नाव मिळविलेल्या या क्रिकेटपटूचे चरित्र अवश्य वाचावे.

बाळूंचा जन्म इ. स. १८७६ मध्ये धारवाड येथे, त्या काळी अस्पृश्य गणलेल्या चर्मकार समाजात झाला. पुण्यास पारशांच्या क्लबात ते अल्प वेतनावर खेळपट्टी झाडीत व लाटीत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ते सरावाकरिता चेंडू टाकू लागले. बॅट मात्र त्यांच्या हाती क्वचितच येई. तेथेच त्यांची डावखुरी गोलंदाजी तयार झाली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांस खेळावयास घेतले. परंतु चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. मैदानात एकाच चेंडूस सर्वांचे हात लागत, भोजनास मात्र पंगत निराळी!

१८९६ च्या सुमारास ते मुंबईस आले. १९०६ मध्ये तेथे हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी जिंकले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात तर त्यांनी ११४ गडी बाद केले. तरीही संघनायकपद त्यांस लाभले नाही. तो मान १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाला. १९५५ साली बाळू निवर्तले.

बालमित्रांनो, सामना पाहताना गुण पाहावा, जात पाहू नये. आणि सामना संपल्यावर खेळगड्यास आपल्या शेजारी बसवावे. बाळूंचे खरे स्मरण हेच होय.