दर्याचा कथाकार : कॅप्टन मॅरियट

शिडांच्या जहाजांवरील साहसकथांचे आद्य प्रवर्तक फ्रेडरिक मॅरियट यांचा जन्म १७९२ मध्ये लंडन येथे झाला. चौदाव्या वर्षी ते लॉर्ड कॉक्रेन यांच्या ‘इम्पेरियूझ’ या युद्धनौकेवर दाखल झाले. बुडणाऱ्यांना वाचविण्यासाठी त्यांनी अनेकदा समुद्रात उडी घेतली. १८२४ च्या ब्रह्मी युद्धात ‘डायना’ या आगबोटीच्या वापराचा त्यांनी पुरस्कार केला. शिडांच्या या कथाकाराने वाफेची बाजू घ्यावी, हे नवलच! १८३० मध्ये नौदल सोडून ते लेखनाकडे वळले. ‘मिस्टर मिडशिपमन ईझी’ (१८३६) ही त्यांची सर्वांत लोकप्रिय कादंबरी. डिसेंबर १८४७ मध्ये ‘ॲव्हेंजर’ ही युद्धनौका खडकावर आदळून बुडाली. तिच्यावर त्यांचा लेफ्टनंट मुलगा होता. इतरांची मुले पाण्यातून काढणारे मॅरियट तेव्हा आजारी होते. पुढल्याच ऑगस्टमध्ये नॉरफोकमधील लँगहॅम येथे त्यांनी देह ठेवला.