दुपारचा वर्ग

२००४ सालचा जून महिना. मी तेव्हा गंगापूरला बँकेत अधिकारी होतो. बँकेचं नाव सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही, हे पुढे कळेलच. पीककर्जाचे दिवस होते. शाखेचं दार उघडायच्या आत सातबाऱ्याचे उतारे हातात घेऊन माणसं पायऱ्यांवर बसलेली असायची. त्या गर्दीत एक बाई तीन दिवस येऊन तशाच परत गेल्या. चौथ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली, तेव्हा माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. वय चौतीस. नवरा अपघातात गेलेला, दोन मुलं शाळेत, आणि स्वतः एका खासगी दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या. बाहेरून परीक्षा देऊन बारावी झाल्या होत्या. तेव्हाच्या औरंगाबादेत नर्सिंगच्या कोर्सला त्यांना प्रवेश मिळत होता आणि फीसाठी कर्ज हवं होतं.

शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नसे; मात्र घरच्या एका माणसाची सहकर्जदार म्हणून सही लागे. माहेरी सही करणारं कुणी उरलं नव्हतं. सासरे सही द्यायला तयार नव्हते. सुनेनं परक्या माणसांचं हगणं-मुतणं काढायचं, रात्रपाळीला घराबाहेर राहायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. मी फॉर्म परत केला. सही आणा, मग बघू, असं सांगितलं. नियमानं मी कुठंच चुकलो नव्हतो. वरच्या कचेरीला एक पत्र लिहून विचारता आलं असतं, ते लिहिलं नाही. कोर्सला वयाची अट पस्तिशीची होती, म्हणजे पुढच्या वर्षी या म्हणण्यात काही अर्थ नव्हता, हेही मला ठाऊक होतं. बाई पुन्हा आल्या नाहीत.

नोकरी संपल्यावर एका कादंबरीच्या निमित्तानं मी रमाबाई रानड्यांच्या चरित्राकडे वळलो, आणि वाचता वाचता हा फॉर्म मला सारखा आठवू लागला.

रमाबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परकर नेसलेली, पाटी घेऊन बसलेली छोटी मुलगी येते. २०१२ साली दूरदर्शनसंचावर घरोघरी गाजलेल्या ‘उंच माझा झोका’ मालिकेनं ती आणखीच घट्ट करून ठेवली आहे. ते चित्र खोटं नाही. २५ जानेवारी १८६२ रोजी सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरात ही मुलगी जन्मली. माहेरचं नाव यमुना. अकरा वर्षांची असताना, १८७३ साली, तिचं लग्न एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी झालं. रानड्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. सुधारक म्हणवणारा हा न्यायाधीश विधवेशी लग्न करील अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली आणि ते कुमारिकेशी लग्न करून मोकळे झाले. माझ्या मते रानड्यांच्या आयुष्यातला हा सर्वात दुबळा क्षण. पण त्यांनी त्याची भरपाई एका विलक्षण रीतीनं केली. लग्न होऊन घरात आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या मुलीला ते शिकवू लागले.

पुढचा संघर्ष सर्वांना माहीत आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे शिक्षण पसंत नव्हतं. दिवसा त्यांचे टोमणे आणि रात्री नवऱ्यासमोर वाचन, असं तिचं वर्षानुवर्षं चाललं. पुण्यात मिस हरफर्ड नावाच्या बाई तिला इंग्रजी शिकवत. त्यांचा स्पर्श झाला म्हणून धडा संपला की तिला आंघोळ करावी लागे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. तिथं जाण्यावरूनही घरात अबोला झाला. यातून एक गोष्ट रमाबाई पुरती शिकल्या. बाई शिकत नाही ती डोकं नसतं म्हणून नव्हे. घरातलं काम, घरातली माणसं आणि घरातली वेळ तिला शिकू देत नाही. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे गेले, तेव्हा रमाबाई एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. काही काळ त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं. मग पुण्यात येऊन राहिल्या आणि हळूहळू बाहेर पडू लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांना भेटायला जात, इस्पितळातल्या रोग्यांना फळं-फुलं नेऊन देत. श्रीमंत घरातल्या विधवेनं एवढं केलं तरी पुष्कळ, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. १९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकारानं सेवासदन निघालं, त्याचं अध्यक्षपद रमाबाईंकडे आलं. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यात त्यांचा उजवा हात होते. पहिले वर्ग भरले ते रमाबाईंच्याच घरी.

हे वर्ग दुपारचे असत. मला या संस्थेच्या इतिहासात सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. सकाळचा स्वयंपाक, धुणीभांडी, माणसांची जेवणं आटोपली आणि संध्याकाळचा स्वयंपाक अजून दूर आहे, असे जे दोन-चार तास बाईच्या वाट्याला येतात, त्या तासांत शाळा भरायची. विद्यार्थिनी वीस, पंचवीस, तीस वर्षांच्या. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणी संसारातली. त्यांना पोरींच्या शाळेत पहिल्या इयत्तेच्या बाकावर बसवणं म्हणजे त्यांची थट्टा मांडण्यासारखं होतं. म्हणून प्रौढ बायकांचे वर्ग वेगळे. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर माझं डोकं थोडं हिशेबी झालं आहे, त्यामुळे मला या योजनेतला व्यवहार लगेच दिसतो. दार उघडं ठेवणं वेगळं, आणि दारापर्यंत येण्याचं भाडं कुणी भरायचं हे ठरवणं वेगळं.

आता रुग्णसेवेकडे येतो. पुण्याचं ससून रुग्णालय १८६७ सालापासूनचं. तिकडे लंडनला फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८६० साली परिचारिकांची शाळा काढली होती. खुद्द ती बाई घरच्यांच्या कडव्या विरोधानंतर १८५१ साली जर्मनीतल्या कैसरव्हेर्थला शिकायला गेली, तेव्हा एकतीस वर्षांची होती. खानदानी इंग्रज घरातही तेव्हा नर्स म्हणजे हलकं काम, दारुड्या बायकांचं काम, अशीच समजूत होती. आपल्याकडे त्यात जातीची आणि सोवळ्याची भर. कुणाही जातीच्या माणसाच्या जखमेला हात लावायचा, पुरुषाचं अंग पुसायचं, रक्त-पू-विष्ठा काढायची, रात्र इस्पितळात काढायची. ब्राह्मणाच्या घरातली बाई हे करील, ही कल्पनाच लोकांना सहन होईना. रमाबाईंनी नेमक्या ह्याच कामासाठी विधवांना तयार करायचं ठरवलं. सेवासदनातून ससूनमध्ये बायका परिचारिकेचं शिक्षण घ्यायला जाऊ लागल्या, त्यांच्यासाठी संस्थेनं ससूनच्या जवळच राहण्याची सोय केली.

दुपारच्या वर्गाचं मोल इथं कळतं. मायेनं कपाळावर हात ठेवायला लिहिता-वाचता यावं लागत नाही. पण तापाची नोंद ठेवायची, बाटलीवरची चिठ्ठी वाचायची, औषधाचे थेंब मोजायचे, रात्रीत रोग्याचं काय झालं हे सकाळी डॉक्टरला नेमकं सांगायचं, तर अक्षर आणि आकडा दोन्ही पाहिजेत. जिला तिशीत पाटी हातात घ्यावी लागली, तिला आधी वर्गातून आणि मग वॉर्डातून नेणारी ही शिडी होती. मधली एक पायरी जरी नसती तरी ससूनचं दार उघडं असून उपयोग नव्हता.

खरं पाहता विधवांना हे काम नवं नव्हतंच. माझ्या वडिलांची आत्या आमच्या घरी असे. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. आमच्या घरातली, भावकीतली, शेजारची किती बाळंतपणं तिनं काढली याची मोजदाद नाही. कुणाला विषमज्वर झाला, कुणाचं हाड मोडलं की आत्याआजीला बोलावणं यायचं. बारशाच्या दिवशी मात्र ती माजघराच्या दाराआडून पाहायची, कारण शुभकार्यात तिचं तोंड दिसायला नको. अशी एक आत्याआजी त्या काळच्या प्रत्येक मोठ्या घरात होती. गंगापूर १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होतं. कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की पलीकडे नगर जिल्हा, इंग्रजी अंमल. पुण्यातल्या या हालचालींची आत्याआजीला वार्ताही नसणार. रमाबाईंनी केलं ते एवढंच की, ज्या कामावर घरं चालत होती आणि ज्याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं, त्याला शिक्षण, दाखला आणि पगार जोडला.

लोकांनी ते सुखासुखी होऊ दिलं असं नाही. पुण्याच्या किर्लोस्कर नाट्यगृहात सेवासदनाचं वार्षिक संमेलन भरलं होतं. बक्षीस समारंभात रुग्णसेवा विभागातल्या एका तरुण विधवेचं नाव पुकारलं गेलं. केशवपन केलेली, अंगावर एकच लाल लुगडं, अशी ती व्यासपीठाकडे निघाली आणि वरच्या गॅलरीतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. आरडाओरडा, शिट्ट्या. त्या मुलीनं ती काही पावलं कशी टाकली असतील याचा विचार मी लेखक म्हणून अनेकदा केला आहे, पण लिहायला जमलेलं नाही.

शेवटी आभाराचं बोलायला रमाबाई उठल्या. एरवी अतिशय मवाळ बोलणारी ही बाई त्या दिवशी संतापानं थरथरत होती. कॉलेजात शिकता म्हणून तुम्हाला सुशिक्षित कसं म्हणायचं, असा सवाल त्यांनी त्या मुलांना केला. ज्या दुर्दैवी बाईला तुम्ही हसलात, तिच्यासारखी एखादी बहीण, आत्या, कदाचित आई तुमच्याही घरात असेल, असं त्यांनी सुनावलं. सभागृह चिडीचूप झालं म्हणतात. रमाबाईंनी तिथं कुठल्या तत्त्वाची चर्चा केली नाही. त्यांनी मुलांना त्यांच्या घरातलं माजघर दाखवलं.

पुढल्या वर्षांत त्यांचं काम वाढतच गेलं. पुण्यात मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून त्या झगडल्या, स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी उभ्या राहिल्या. आषाढी-कार्तिकीला सेवासदनाच्या बायकांना घेऊन त्या आळंदीला जात आणि यात्रेतल्या बायकांची शुश्रूषा करत. १९२४ साली त्या गेल्या. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीला, भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकते. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचं पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झालं, सेवासदनाचे वर्ग तेव्हा सुरू झालेले होते. पण पुस्तक संपतं ते १९०१ साली, रानड्यांच्या मृत्यूपाशी. जिनं शेकडो बायकांना दुसरं आयुष्य दाखवलं, तिनं स्वतःच्या दुसऱ्या आयुष्यावर त्यात एक प्रकरणही लिहिलं नाही. हा विनय होता, की पतीशिवायचं आयुष्य सांगण्याजोगं नसतं हा संस्कार शेवटपर्यंत सुटला नव्हता? मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं. वाचक म्हणून मात्र मी हिरमुसलो. पहिल्यांदा ससूनची पायरी चढणाऱ्या त्या बायकांना आदल्या रात्री झोप लागली होती का, हे फक्त रमाबाईच सांगू शकल्या असत्या.

आता आमच्या गंगापूरच्या बाईंचं. निवृत्तीनंतर एकदा लासूरच्या बाजारात एका ओळखीच्या डॉक्टरांची गाठ पडली. बोलता बोलता त्यांनी एका अर्धांगवायूच्या म्हाताऱ्याची हकीकत सांगितली. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता, पण गेला तेव्हा पाठीवर शय्याव्रणाचा एक डाग नव्हता. दर दोन तासांनी कूस बदलणं, नळी स्वच्छ ठेवणं, लघवीचं माप वहीत लिहून ठेवणं, सगळं सून करायची. डॉक्टरांनी तिला नर्सिंग कुठं केलंस असं विचारलं होतं. ती हसली होती म्हणे.

त्यांनी म्हाताऱ्याचं आडनाव सांगितलं, तेव्हा मला सहीची ती रिकामी चौकट आठवली.