जनरल थोरात यांचे शौर्य

शूर सेनापती म्हटला की रणकंदन आणि विजयाची नौबत हेच आपल्या डोळ्यांपुढे येते. आपल्या कोल्हापूरकडील लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे चरित्र मला मात्र जरा वेगळ्या कारणासाठी भगिनींपुढे ठेवावेसे वाटते.

त्यांचा जन्म १९०६ चा. सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन १९२६ साली ते लष्करात अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकान भागात कांगॉ येथे घनघोर लढाई झाली. तीत त्यांनी पंजाब पलटणीचे नेतृत्व केले व डी. एस. ओ. हे मानचिन्ह मिळविले.

त्यांचा दुसरा मान मला अधिक मोलाचा वाटतो. १९५३ साली कोरियात २२,००० हून अधिक युद्धकैदी आपल्या फौजेच्या हवाली होते. खवळलेल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला अडकवून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या गोटात शिरले आणि रक्ताचा थेंबही न सांडता त्याला सोडवून आणले. कोरियातील कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा मिळाले. १९६७ पासून त्यालाच कीर्तिचक्र म्हणतात.

पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी चीनचा धोका ओळखून संरक्षणाचा आराखडा सादर केला. तो बाजूला पडला. १९६१ साली ते निवृत्त झाले आणि १९६२ साली देशाला त्याची किंमत मोजावी लागली. १९९२ साली ते निवर्तले.

हाती बळ असून ते आवरणे किती कठीण, हे मुलांना सांगताना मी थोरातांचे नाव घेते. आपणही जरूर घ्यावे.