कॅथरीन मॅन्सफील्ड : दुरून दिसलेले घर

आधुनिक कथेचा विचार करताना रशियाच्या चेकॉव्हनंतर ज्या मोजक्या लेखकांची नावे आदराने घ्यावी लागतात, त्यांत कॅथरीन मॅन्सफील्ड हे नाव अग्रभागी आहे. तिला आयुष्य लाभले अवघे 34 वर्षांचे. हयातीत तिचे तीनच कथासंग्रह प्रसिद्ध झाले आणि कादंबरी तर तिने एकही पुरी केली नाही. तरीही इंग्रजी कथेचे वळण बदलणाऱ्यांत तिची गणना होते. आमच्या पिढीतील ज्यांनी महाविद्यालयात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला, त्यांना तिची एखादी कथा वाचल्याचे स्मरत असेल. परंतु त्या कथेमागचे आयुष्य मात्र बहुतेकांना अपरिचित राहिले.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका परदेशी लेखिकेचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर तिच्या आयुष्यातच आहे. विसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी तिने आपली जन्मभूमी सोडली, ती कायमची. सोडताना तिला त्या भूमीचा कंटाळा आला होता. पुढे मात्र तिच्या हातून जे उत्तम लेखन झाले, त्यातील फार मोठा भाग त्या सोडलेल्या घराविषयीच आहे. गाव सोडून दूर आलेल्या आपणां सर्वांना हा अनुभव थोडाफार ओळखीचा वाटेल, अशी आमची समजूत आहे.

कॅथरीनचे मूळ नाव कॅथलीन बीचम. तिचा जन्म 14 ऑक्टोबर 1888 रोजी न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन येथे झाला. वडील हॅरॉल्ड बीचम हे कर्तबगार व्यापारी. पुढे ते बँक ऑफ न्यूझीलंडचे अध्यक्ष झाले व 1923 साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. घरात पैसा, प्रतिष्ठा आणि शिस्त यांना कमतरता नव्हती. आईचा ओढा मुलांकडे बेताचाच होता. मुलांना माया मिळाली ती आजीची, म्हणजे आईच्या आईची. या आजीचे माहेरचे आडनाव मॅन्सफील्ड. नातीने लेखनासाठी हेच नाव घेतले आणि त्याच नावाने ती जगाला माहीत झाली. वडिलांच्या वैभवाने जे दिले नाही ते आजीच्या नावाने दिले, असे म्हटले तरी चालेल.

1893 साली हे कुटुंब वेलिंग्टनजवळच्या करोरी या खेड्यात राहावयास गेले व 1898 मध्ये शहरात परतले. पाच वर्षांच्या वयापासून दहाव्या वर्षापर्यंतचा हा काळ तिच्या मनात कायमचा ठसला. त्यानंतर 1903 साली तिला व तिच्या बहिणींना शिक्षणासाठी लंडनच्या क्वीन्स कॉलेजात ठेवण्यात आले. तेथे तिने साहित्य व भाषांचा अभ्यास केला. ती चेलो हे तंतुवाद्य वाजवी, आणि लेखनाचे वेडही तिला याच काळात लागले. तेथेच आयडा बेकर ही मैत्रीण तिला भेटली. 1906 च्या अखेरीस ती वेलिंग्टनला परतली, पण लंडन पाहिलेल्या या मुलीला ते लहान शहर आता तुरुंगासारखे भासू लागले. अखेर वडिलांनी वर्षाला 100 पौंड देण्याचे कबूल केले आणि जुलै 1908 मध्ये ती बोटीवर चढली. त्यानंतर तिने मायदेशाच्या मातीवर पाऊल ठेवले नाही.

लंडनमधील पहिल्या वर्षातच आयुष्याची घडी विसकटली. गार्नेट ट्रॉवेल या तरुण संगीतकारावर तिचे प्रेम होते. त्याच्यापासून ती गरोदर राहिली, पण विवाह होऊ शकला नाही. 2 मार्च 1909 रोजी तिने जॉर्ज बोडेन या गायनशिक्षकाशी घाईघाईने लग्न केले आणि त्याच संध्याकाळी त्याला सोडून ती निघून गेली. ही वार्ता ऐकून आई न्यूझीलंडहून आली, मुलीला जर्मनीतील बव्हेरियातल्या एका लहान गावी घेऊन गेली, तेथे तिला ठेवून परतली आणि घरी जाऊन तिने आपल्या मृत्युपत्रातून मुलीचे नाव काढून टाकले. परक्या मुलुखात, परक्या भाषेच्या लोकांत कॅथरीनचा गर्भपात झाला. त्या वेळी ती 20 वर्षांची होती. पुढे तिला मूल झाले नाही.

या वनवासातून तिचे पहिले पुस्तक निर्माण झाले. 'इन अ जर्मन पेन्शन' या 1911 च्या संग्रहात त्या गावातील खानावळीत भेटलेल्या माणसांची बोचरी चित्रे आहेत. यातील एक कथा चेकॉव्हच्या एका कथेशी इतकी मिळतीजुळती आहे, की उचलेगिरीचा आक्षेप तिच्यावर मरणोत्तरही घेतला गेला. आक्षेप निराधार नव्हता. परंतु त्याबरोबर हेही सांगावयास हवे, की पुढे महायुद्धात जर्मनांविरुद्ध हवा तापलेली असताना हे पुस्तक पुन्हा काढल्यास खप होईल हे दिसत असूनही तिने त्यास नकार दिला. ते लेखन कच्चे आहे असे तिचे मत झाले होते, आणि लोकांच्या द्वेषावर पैसा मिळवणे तिला रुचत नव्हते. हाती पैसा नसताना असा नकार देणे सोपे नसते.

1911 च्या सुमारास जॉन मिडलटन मरी हा तरुण संपादक तिच्या आयुष्यात आला. दोघांनी मिळून नियतकालिके चालवली, कर्जे केली, असंख्य घरे बदलली. पहिल्या पतीपासून कायदेशीर सुटका होण्यास वेळ लागल्याने त्यांचा विवाह मे 1918 मध्ये झाला. मरीचे तिच्यावर प्रेम होते, पण आजारी माणसाची सोबत करण्याचे धैर्य त्याच्यात कमी पडे. ते काम आयडा बेकरने केले. प्रवासात सामान सांभाळणे, स्वयंपाक, शुश्रूषा, सारे तिने वर्षानुवर्षे पाहिले, आणि बदल्यात पुष्कळदा कॅथरीनचे तिखट बोलणे ऐकून घेतले. आयडाने आपल्या आठवणी 1971 मध्ये, मैत्रिणीच्या मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी प्रसिद्ध केल्या. साहित्याच्या इतिहासात अशा माणसांना जागा नसते. परंतु ती नसती तर त्या शेवटच्या वर्षांतील कथा लिहून झाल्या असत्या का, याची आम्हांस शंका वाटते.

कॅथरीनच्या लेखनाला खरे वळण मिळाले ते एका मृत्यूने. तिचा एकुलता एक धाकटा भाऊ लेस्ली 1915 साली सैन्यात भरती होऊन इंग्लंडला आला. भावाबहिणींनी लंडनमध्ये बसून वेलिंग्टनच्या घराच्या, बागेच्या आठवणी काढल्या. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, ऑक्टोबर 1915 मध्ये, बेल्जियममध्ये हातबाँबच्या अपघातात तो मरण पावला. त्या आठवणींची दुसरी साक्ष आता उरली नव्हती. शोक घेऊन ती दक्षिण फ्रान्समधील बांदोल येथे गेली आणि ज्या देशाकडे पाठ फिरवून आली होती, त्या देशाचे ऋण फेडावयाचे असा तिने निश्चय केला.

त्यातून 'प्रिल्यूड' ही दीर्घकथा सिद्ध झाली. व्हर्जिनिया वुल्फ व तिचे पती यांनी आपल्या घरगुती छापखान्यात ती छापली. खिळे जुळवण्याचे बरेचसे काम स्वतः व्हर्जिनियाने केले. 1918 साली निघालेल्या या आवृत्तीच्या प्रती सुमारे 300 होत्या. कथेत घडते ते इतकेच : एक कुटुंब शहरातील घर सोडून खेड्यातील घरात राहावयास जाते. गाडीत सामान इतके झाले आहे की दोन लहान मुलींना जागा उरत नाही, म्हणून त्यांना शेजारणीकडे ठेवून आई पुढे निघते. त्यांपैकी केझिया ही मुलगी रिकाम्या झालेल्या जुन्या घरातून एकटी फिरते. बदलीच्या नोकरीत ज्यांनी दर तीन-चार वर्षांनी ट्रंका बांधल्या आहेत आणि रिकाम्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलांना शेवटची चक्कर मारताना पाहिले आहे, त्यांना या प्रसंगाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

वुल्फ आणि मॅन्सफील्ड यांचे नाते ओढीचे तसेच चढाओढीचे होते. 1919 मध्ये कॅथरीनने वुल्फच्या एका कादंबरीचे परीक्षण करताना, महायुद्धाने जग हादरून गेल्याची जाणीव या लेखनात नाही, असा सूर लावला. वुल्फला ते लागले. परंतु कॅथरीनच्या मृत्यूनंतर, आपल्याला मत्सर वाटला तो एवढ्या एकाच लेखिकेच्या लेखनाचा, अशी कबुली वुल्फने आपल्या दैनंदिनीत देऊन ठेवली.

1917 च्या अखेरीस कॅथरीनला क्षय असल्याचे निष्पन्न झाले. क्षयावर औषध सापडण्यास अजून पंचवीसहून अधिक वर्षे होती. आरोग्यधामात राहण्याचा डॉक्टरांचा सल्ला तिने मानला नाही. तेथे लेखन होणार नाही अशी तिची भीती होती. उबदार हवेच्या शोधात इटलीचा किनारा, फ्रान्समधील माँतों, स्वित्झर्लंडचे डोंगर अशी भ्रमंती सुरू झाली. शरीर खचत असता लेखन मात्र बहरास आले. 1920 मध्ये 'ब्लिस' आणि 1922 मध्ये 'द गार्डन पार्टी' हे संग्रह निघाले. 'ॲट द बे', 'द गार्डन पार्टी', 'द डॉल्स हाउस' या वेलिंग्टनच्या कथा तिने 1921 साली स्वित्झर्लंडमध्ये लिहिल्या. डोळ्यांपुढे बर्फ आणि देवदार असताना तिच्या मनात दक्षिण गोलार्धातला समुद्र होता.

या कथांत हळवी स्मरणयात्रा आहे असे मात्र कोणी समजू नये. 'द गार्डन पार्टी'मध्ये श्रीमंत घरी मेजवानीची तयारी चालू असता, जवळच्या गरीब वस्तीतील एक गाडीवान अपघातात मेल्याची बातमी येते. मेजवानी थांबवावी असे फक्त लॉरा या मुलीला वाटते. ती थांबत नाही, आणि संध्याकाळी उरलेल्या पदार्थांची टोपली घेऊन लॉरालाच त्या घरी पाठवले जाते. 'द डॉल्स हाउस'मध्ये धोबिणीच्या दोन मुलींना शाळेतल्या कोणी जवळ करीत नाही. केझिया त्यांना चोरून आपले बाहुलीघर दाखवते. मावशी त्यांना हाकलून लावते. पण धाकटीने तेवढ्यात त्या घरातला चिमुकला दिवा पाहून घेतलेला असतो. उच्चनीचतेची रीत मुलांच्या अंगी कशी मुरवली जाते, हे आपल्या समाजात वाढलेल्या वाचकास समजावून द्यावे लागत नाही. लेखिका उपदेश करीत नाही, शेवटी कलाटणी देत नाही. ती क्षण दाखवते आणि थांबते.

शेवटच्या वर्षी पॅरिसमध्ये क्ष-किरणांचे उपचार करून पाहिले. गुण आला नाही. ऑक्टोबर 1922 मध्ये ती फाँतेनब्लोजवळ गुर्जिएफ या गूढवादी गुरूच्या आश्रमात राहावयास गेली. गाईंचा सहवास छातीला हितकर, या समजुतीने तेथील गोठ्यात तिच्यासाठी माळा बांधून दिला होता. 9 जानेवारी 1923 रोजी मरी तिला भेटावयास आला. त्या रात्री जिना चढताना रक्ताची उलटी झाली आणि थोड्याच वेळात सारे संपले. जवळच्याच आव्हों येथे तिचे दफन झाले.

आपले कागद होतील तितके नष्ट करावेत, छापावे ते अगदी थोडे, अशी इच्छा तिने पतीपाशी व्यक्त केली होती. मरीने उलट केले. दोन कथासंग्रह, 1927 मध्ये दैनंदिनी, 1928 मध्ये पत्रे, असे बरेच साहित्य त्याने प्रसिद्ध केले आणि काटछाट करून पत्नीची एक सात्त्विक, सोशिक मूर्ती उभी केली. पुढे संशोधकांनी मूळ कागद वाचून 1984 ते 2008 या काळात तिची पत्रे पाच खंडांत, आणि 1997 मध्ये वह्या, संपूर्ण छापल्या. तेव्हा हसणारी, चिडणारी, नकला करणारी, कधी खोटेही बोलणारी खरी बाई पुन्हा दिसू लागली. मरीने आज्ञा मोडली याबद्दल त्याला दोष देणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते त्याचा दोष छापण्यात नव्हता, गाळण्यात होता. प्रिय माणसाला देव्हाऱ्यात बसवले की त्याचा आवाज ऐकू येईनासा होतो.

आपल्याकडेही कथानकाचा हट्ट सोडून मनाच्या सूक्ष्म हालचाली टिपणारी कथा कुसुमावती देशपांडे यांनी 'दीपकळी'सारख्या संग्रहांतून लिहिली, आणि 1945 नंतर गाडगीळ, गोखले प्रभृतींनी नवकथेचे युग आणले. साहित्यसंमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष होण्याचा मान कुसुमावतींना 1961 साली मिळाला तो ग्वाल्हेरला, बृहन्महाराष्ट्रात, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

वेलिंग्टनमधील तिचे जन्मघर 1988 पासून स्मारक म्हणून जतन केले आहे. माँतों येथे न्यूझीलंडच्या लेखकांना राहून लिहिता यावे यासाठी तिच्या नावाने 1970 पासून शिष्यवृत्ती दिली जाऊ लागली. ज्या गावाला ती विटली होती, त्या गावाने तिला आपली मानले.

आपल्या मंडळातील वडीलधाऱ्यांच्या मनांतही अशी घरे आहेत : कोकणातली, देशावरची, वऱ्हाडातली. त्यांतील कित्येक आता उभीही नसतील. ती कागदावर उतरवण्यास मोठी प्रतिभा लागते असे नाही, पण साक्षीदार हयात असेपर्यंतच ते काम होऊ शकते. आणि आपल्या मुलानातवंडांचे काय? त्यांचे घर हेच गाव आहे. उद्या ती आणखी दूर जातील, तेव्हा त्यांना आठवेल ते येथले अंगण आणि मंडळाचा गणपती. त्यांनी ते कोणत्याही भाषेत लिहावे. मराठीत लिहिले तर मंडळाच्या पन्नास वर्षांचे चीज झाले असे आम्ही समजू.