परत येणारी पाकिटं

जॅक लंडन हे अमेरिकेतील कथालेखक.

त्यांचा जन्म १८७६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. घरची गरिबी, म्हणून पोरवयातच कारखान्यात राबावं लागलं. १८९७ साली ते सोनं शोधायला कॅनडाच्या बर्फाळ क्लोंडाइक भागात गेले. सोनं नाहीच, आजारी पडून परतले. मग तिकडच्याच गोष्टी लिहू लागले. गोष्ट टपालाने मासिकाकडे पाठवायची, की पाकीट परत! नकाराच्या चिठ्ठ्यांची चळत साठली. सायकलसुद्धा गहाण टाकावी लागली.

१८९९ च्या जानेवारीत एक गोष्ट छापून आली. मोबदला अवघे ५ डॉलर! त्याच सुमारास पोस्टमनची कायम पगाराची नोकरी चालून आली. घरात तर चणचण. पण आईने लिहीतच राहायला सांगितलं. त्यांनी नोकरी नाकारली. १९०० साली पहिला कथासंग्रह निघाला. १९०३ साली एका कुत्र्याच्या कहाणीने जगभर नाव झालं. १९१६ साली, वयाच्या ४० व्या वर्षी ते वारले.

मला तर त्यांच्याइतकंच त्यांच्या आईचं कौतुक वाटतं. आज माझी आई शाळेत आली, की तिला मी हे वाचून दाखवणार आहे.

— इयत्ता ७ वी